वेळासच्या सहलीचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



खजिनदाराने भाषण करावे असा आपल्या मंडळाचा रिवाज नाही. खजिनदाराने वर्षाचा हिशेब वाचावा, शिल्लक सांगावी आणि खाली बसावे. यंदा मात्र चिटणीसबाईंनी मला सोडले नाही. गेल्या वर्षीच्या वेळासच्या सहलीबद्दल पुष्कळजणींच्या मनात अजून खंत आहे, काहीजणींच्या मनात मजबद्दल रागही आहे, आणि यंदा सहल पुन्हा तेथेच न्यावी की नाही यावर कार्यकारी मंडळाच्या दोन बैठकी खर्ची पडल्या. तेव्हा "तुम्हीच काय ते सर्वांसमोर सांगा" असा हुकूम झाला. मी हिशेबच देणार आहे, पण तो जरा निराळ्या वहीतला आहे.

ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी झाले काय ते आधी सांगते. मार्चमधल्या एका शनिवारी आपण बेचाळीसजणी पहाटे रत्नागिरीहून निघालो. हातखंबा, चिपळूण, खेड, मंडणगड, आणि तेथून वळणे घेत घेत बाणकोटच्या अंगाला वेळास. निम्म्याजणींना गाडी लागली. दुपारी पोहोचलो. चार घरांत मिळून आपली सोय होती. शेणाने सारवलेली खळी, पडवीत पाण्याचे हंडे, पानात गरम भात, कुळथाचे पिठले आणि सोलकढी. येथवर कोणाची काही तक्रार नव्हती.

संध्याकाळी पुळणीवर गेलो. वाळूत जाळीचे कुंपण, आत ओळीने घरटी, प्रत्येक घरट्यापाशी अंडी कधी आणली, किती होती, याची पाटी, आणि वर पालथी घातलेली टोपली. कुंपणापासून समुद्राकडे दोन दोऱ्या बांधलेल्या. पाहुण्यांनी दोरीच्या बाहेर उभे राहावयाचे. मुंबईपुण्याची माणसे खूप आली होती. गावचा एक कासवमित्र आत गेला, त्याने एकेक टोपली उचलून पाहिली, आणि हात हलवून सांगितले की आज काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा तेच. आपण एवढ्या दूर गेलो आणि एक पिल्लूसुद्धा न पाहता परत आलो.

मधल्या रात्रीची गोष्ट आपण कोणी कोणास सांगितलेली नाही, ती आज सांगते. रात्री दहाला आपण आठजणी पुन्हा पुळणीवर गेलो होतो. हातात विजेऱ्या, मोबाइलचे दिवे, आणि गाणी. गावचा एक मुलगा धावत आला आणि "दिवे मालवा, मावशी, दिवे मालवा" म्हणून विनवू लागला. आपण त्याला काय काय बोललो ते येथे उच्चारत नाही. सर्वांत मोठ्याने बोलणारी मी होते.

रविवारी निघताना मी आमच्या घरधनिणीला म्हटले, "कासवं दिसली नाहीत, तेव्हा निम्मे पैसे परत करा." ती चुलीपुढे होती. फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "काकू, तुम्ही जेवलात, निजलात, त्याचे पैसे घेतले. कासवाचे घेतलेच नाहीत. ते कुठं आमचं आहे विकायला?" एवढे बोलून तिने माझ्या हातात आमसुलांची पुडी ठेवली. मी ती घेतली, आणि घरी आल्यावर मंडळाच्या वहीत "वेळासकडून येणे" अशी रक्कमही लिहिली! राग किती होता पहा.

पुडी संपली, रक्कम आली नाही, आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून मग मी विचारपूस केली, मिळेल ते वाचले, चिपळूणला एका आप्ताकडे गेले असता तेथेही चौकशी केली. त्यातून जे कळले ते असे.

वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. हिशेबी माणसाचा गाव, म्हणजे मी गेले ते योग्य ठिकाणी! पण त्याचे आजचे नाव झाले ते निराळ्याच कारणाने. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसे, श्री. भाऊ काटदरे यांच्यासह, समुद्रगरुडांची पाहणी करत या बाजूस आली असता पुळणीवर त्यांना कासवाचे उकरलेले घरटे दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की कासवे येथे दरवर्षी येतात आणि अंडी दरवर्षी जातात. काही कोल्हाकुत्र्यांच्या पोटात, बरीचशी माणसांच्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलेले आहे. पण कायदा मुंबईदिल्लीला असतो आणि अंडी वेळासच्या वाळूत.

येथे थांबून एक कबुली देते. माझे माहेर याच जिल्ह्यातले, समुद्रकाठचे. लहानपणी थंडीच्या दिवसांत आमचा एक गडी भल्या पहाटे टोपलीभर पांढरी गोल अंडी आणी. आम्ही पोरे ती चेंडूसारखी झेलत असू, आणि मागून खातही असू. त्यात पाप आहे असे कोणी सांगितले नव्हते. त्या एका टोपलीत शंभरावर अंडी असतील, कारण कासवाची मादी एका वेळी साधारण तेवढीच घालते. आज मोजदाद करावयास बसले तर माझ्या नावावर किती "येणे" निघेल कोण जाणे.

तर संस्थेच्या माणसांनी काय केले? दंडाची धमकी दिली नाही. ग्रामपंचायतीत बसून बोलणी केली, गावच्या तरुणांस हाताशी धरले, आणि पूर्वी जे अंडी काढीत त्यांच्यापैकी काहींनाच राखणदार केले. कासवीण वाळूत कोठे येते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक? रात्री आणि पहाटे पुळणीवर फेरी मारावयाची, कासविणीच्या पायांचा माग काढावयाचा, अंडी अलगद काढून, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून, कुंपणात पुरावयाची. पहिल्याच हंगामात सुमारे ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्ले समुद्रात गेली.

पण राखणदाराने खावे काय? हा प्रश्न आम्हा बायकांना चटकन सुचतो. संस्थेची वर्गणी आज आहे, उद्या नाही. वनखात्याच्या मदतीलाही मर्यादा. त्यातून २००६ च्या सुमारास कासव महोत्सवाची कल्पना निघाली. लोकांनी यावे, पिल्ले समुद्रात जाताना पहावी, आणि गावातच घरोघरी राहावे, जेवावे. हॉटेल नाही. पैसा घरात येतो, तोही बहुतांशी बाईच्या हातात, कारण रांधते वाढते ती. अंडे विकून एकदाच जो पैसा मिळे, तो पिल्लू जगवून दरवर्षी मिळू लागला. पुढे संस्था हळूहळू बाजूस झाली आणि काम गावाने व वनखात्याने अंगावर घेतले. मला यातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. संस्था काढणारे पुष्कळ असतात. काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून मागे सरणारे थोडे. (आपल्या मंडळातही हे लक्षात घेण्यासारखे आहे, पण तो विषय आज नको.)

म्हणजे ही चौघांची भागी आहे. संस्थेने ज्ञान आणले, वनखात्याने कायद्याचे बळ, ग्रामपंचायतीने शिस्त, आणि घरधनिणींनी चूल. पाचवा भागीदार म्हणजे पाहुणा, आणि त्या पाचव्याने काय आणले? आपण बेचाळीसजणींनी आणल्या त्या विजेऱ्या.

आता विजेरीचे सांगते, कारण त्या मुलाशी मी भांडले ते अडाणीपणाने. पिल्लू वाळूतून बाहेर येते ते बहुधा रात्री किंवा पहाटे, वाळू गार असताना. त्याला समुद्र ठाऊक नसतो. जिकडे क्षितिजालगत अधिक उजेड, तिकडे चालावयाचे, एवढेच त्याला उपजत कळते. पुळणीवर रात्री मागे सुरूचे बन काळे असते आणि पुढे पाणी उजळ. म्हणून ते पाण्याकडे जाते. मागे दिवा लावला की ते दिव्याकडे वळते, वाळूत भरकटते, आणि सकाळी कावळेघारींना सापडते. अंडी घालावयास येणारी मादीसुद्धा उजेड आणि गलबला पाहून माघारी फिरते. त्या रात्री आपल्यामुळे एखादी परत गेली की काय, हे मला कधीच कळणार नाही.

आणि पिल्ले ठरल्या वेळी का निघत नाहीत? अंड्यांना ४५ ते ६० दिवस लागतात, वाळूच्या उबेप्रमाणे. आणखी गंमत अशी की वाळू अधिक तापली तर माद्या होतात आणि थंड राहिली तर नर. आपल्या घरी सुनांच्या मागे "मुलगा की मुलगी" म्हणून लागणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. अशा ठिकाणी तिकीट काढून "सातचा खेळ" मागणारी मी! हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे म्हणतात. जी मादी वाचते ती मोठेपणी बहुधा त्याच किनाऱ्याच्या परिसरात अंडी घालावयास येते. म्हणजे माहेरीच बाळंतपण.

या माहेरवाशिणी जातात कोठे, याचाही शोध चालू आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच पुळणीवर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवले आणि तिचे नाव ठेवले प्रथमा. २०२३ साली गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोघींना अशीच यंत्रे बसवली. त्यांतली बागेश्री दक्षिणेस जाऊन श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आपल्याला मंडणगडपर्यंत गाडी लागते! आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलेल्या एका कासविणीच्या पायाला धातूची पट्टी होती. पाहिले तर ती २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. दोन्ही समुद्र तिला सारखेच.

सरकारने नुसता हुकूम काढला म्हणजे निसर्ग राखला जातो, असे मात्र नव्हे. शेजारच्या मालवणचे उदाहरण घ्या. १९८७ साली तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी, प्रवाळ, मासे, सगळे मोलाचे. पण ज्यांचे पोट त्या पाण्यावर त्या मच्छीमारांना वाटले की आपल्या ताटातला घास काढून घेतात, आणि विरोध झाला तो वर्षानुवर्षे टिकला. त्यांचे म्हणणे मला तरी वावगे वाटत नाही. जाळ्यात कासव अडकले तर जाळे कापावे लागते, आणि जाळे फुकट येत नाही. ते ओळखून २०१८ पासून राज्याने निराळी वाट काढली. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिला तर मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. एवढे साधे गणित सुचावयास तीस वर्षे लागली.

त्याच सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याला, मांडवी खाडीत स्वामिनी नावाच्या महिला बचत गटाने २०१७ साली कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य आणि राज्याच्या कांदळवन कक्षाची साथ त्यांना होती. पण वल्ही त्यांच्या हातात. मच्छीमार घरांतल्या बायका पाहुण्यांना तिवर कोणते, चिप्पी कोणती, खारफुटीच्या मुळांत कोळंबी आणि मासे कसे वाढतात, हे सांगतात. ज्या झाडांना आपण चिखलातली झुडपे म्हणतो, ती तोडली की खाडीतली मासळी घटते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. आता ते सांगण्याचे त्यांना पैसे मिळतात. त्यांची माहिती वाचताना मी आपल्या पापडाच्या हिशेबाची वही मिटून ठेवली होती, हे कबूल करते.

दूर अमेरिका खंडात कोस्टारिका म्हणून लहानसा देश आहे. तेथे तोर्तुगेरो या गावी कासवांसाठी १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे अंड्यांच्या दिवसांत रात्री पुळणीवर जावयाचे तर गावच्या परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. आपल्याकडे साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोज ठराविकच माणसे सोडतात आणि नाव आधी नोंदवावे लागते. तेथेही आसपासच्या गावांच्या समित्या काम पाहतात. फुले तुडवली गेल्यावरच ते सुचले. मर्यादा घालणे हा पाहुण्याचा अपमान नव्हे. आपल्या घरी हळदीकुंकवाला दोनशेजणी आल्या तर आपणही दोन दिवस वाटून घेतोच की.

वेळासलाही संकटे चुकलेली नाहीत. २०२० चा हंगाम महामारीने बुडाला आणि त्याच ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्याला लागले. मंडणगड, दापोलीच्या किनारी गावांतली घरांची छपरे उडाली, नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरावयास किती वर्षे लागतात हे या सभेत सांगावयास नको. अशा वेळी घरात येणारा पाहुण्याचा पैसा म्हणजे काय, हे मला आता कळते. मी जो परत मागत होते तो त्यातलाच.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते आणि संपवते. माहेरची समुद्रालगतची एक जागा आहे. सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावे आहेत, माझेही आहे. धाकट्या भावाच्या मनात तेथे सात खोल्या बांधावयाच्या आहेत. समुद्राकडे तोंड, पुढे हिरवळ, आणि रात्री पुळण उजळून टाकणारे मोठे दिवे. जागा भरतीरेषेच्या नियमात बसते असे तो म्हणतो. त्याला माझी सही हवी आहे. भाऊ लबाड नाही. मुलगा मुंबईस दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याला गावी आणावयाचा आहे. रेवस-रेडी सागरी मार्गाचे काम चालले आहे, तेव्हा माणसे येणार हे नक्की. ती आपल्या गावात राहिली नाहीत तर बाहेरचा कोणी येऊन मोठे हॉटेल बांधील, हे त्याचे म्हणणेही खोटे नाही. आणि त्या पुळणीवर अजून कासवे येतात. पूर्वीइतकी नाहीत, पण येतात.

मी त्याला पत्र लिहिले. दिवे गुडघ्याइतक्या उंचीचे, झाकलेले आणि पिवळसर असावेत, समुद्राच्या बाजूस एकही नसावा. पुळणीवर खुर्च्या, शेकोटी, गाणी नकोत. सुरूची ओळ तोडू नये. जेवण गावातल्या बायकांच्या गटाकडून घ्यावे. आणि बांधण्याआधी ग्रामपंचायतीत आणि वनखात्याकडे जाऊन गावच्या राखणदारांना काय हवे ते विचारावे. भावाचे उत्तर आले, "ताई, तू वनखात्यात नोकरीला लागलीस का?" खाली मात्र लिहिले आहे की दिव्यांचे पाहतो; जेवणाचे जमेल; सुरूच्या दोन झाडांमुळे दोन खोल्यांतून समुद्र दिसत नाही, त्याचे काय? दिवाळीला तो कागद घेऊन येणार आहे. वहिनी माझ्या बाजूची आहे असे वाटते, पण ती बोलत नाही. सही मी अजून केलेली नाही. करावयाची नाही असेही ठरवलेले नाही. ती दोन झाडे राहिली तर मी करीन, असे आज तरी मनात आहे. भाऊबीज कशी होते ते पाहू.

मंडळाच्या हिशेबापुरते सांगावयाचे तर "वेळासकडून येणे" ही नोंद मी लाल शाईने खोडली आहे. हिशेबतपासनीसांनी त्याला हरकत घेऊ नये. आणि वेळासच्या त्या बाईंना पत्र टाकले आहे. त्यांचे उत्तरही आले, की या, पण शनिवार-रविवार सोडून या, आणि वीसांहून अधिक नको, म्हणजे नीट वाढता येईल. त्या मुलाचा निरोपही त्यातच होता: कोणत्या घरट्याचे दिवस कधी भरतात ते फेब्रुवारीत कळवील, पण पिल्ले निघतीलच असे लिहून देणार नाही.

तेव्हा यंदा वीसच नावे घेऊ. ज्या गेल्या वर्षी रात्री पुळणीवर आल्या होत्या त्या आठजणींनी आधी यावे, असे मी सुचवते. त्यात मी आहेच. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, पैसे माझ्याकडे. पिल्ले दिसली नाहीत तर ते परत मिळणार नाहीत, हे पावतीवरच छापून घेतले आहे. विजेऱ्या घरी ठेवाव्यात, आणि गाडी लागणाऱ्यांनी आवळासुपारी बरोबर घ्यावी.